अंतराळातल्या घरात फिल्टर कोण साफ करतं?

आमच्या वरच्या मजल्यावरची मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिने परवा जिन्यात गाठून विचारलं, "काका, तुम्ही एवढी वर्षं प्लँटवर काढली तरी अंतराळात राहण्याच्या कथा-कादंबऱ्या अजून चवीने वाचता, मला तर फिजिक्स नीट शिकायला लागल्यापासून त्यात नुसत्या चुकाच दिसतात, मजाच गेली. आणि मित्र म्हणतात हे पळपुट्या लोकांचं वाचन आहे. तुम्हाला मजा येते ती नक्की कशात?" उत्तर द्यायला तोंड उघडलं तेवढ्यात दूधवाला आला आणि ते तिथेच राहिलं. म्हणून आता बसून लिहितोय, लांबणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

पहिले माझं काम काय होतं ते ऐक, कारण मजा तिथूनच सुरू होते. इंदूरजवळच्या पीथमपूरच्या औषध कारखान्यांत ३१ वर्षं मी युटिलिटी सांभाळली. युटिलिटी म्हणजे जे चालू असताना कुणाला दिसत नाही आणि बंद पडलं की सगळे ज्याच्या नावाने बोंबलतात ते, म्हणजे हवा, पाणी, वाफ, चिलर, कॉम्प्रेसर. गोळ्या बनतात त्या क्लीनरूमची हवा तासाला वीसेक वेळा बदलायची, बाजूच्या कॉरिडॉरपेक्षा खोलीचा दाब १०-१५ पास्कलने वेगळा राखायचा, बारीक धूळ अडवणारा हेपा फिल्टर चोक होतोय का ते मॅग्नेहेलिकवर, म्हणजे दाबाच्या काट्यावर, बघत राहायचं, पाण्याच्या लूपमध्ये कुठे पाणी साचून राहत नाही ना ते शोधायचं, आणि हे सगळं रात्री ३ वाजता पण. त्यामुळे गोष्टीतला हीरो स्टेशनच्या खिडकीतून पृथ्वी बघून गहिवरत असतो तेव्हा मी मनातल्या मनात छताकडे बघत असतो की डक्ट कुठून गेलाय आणि या बाबाचा रिटर्न एअर, म्हणजे वापरलेली हवा परत ओढायचा रस्ता, कुठे आहे.

आता चुकांचं. मान्य, चुका असतात. सगळ्यात कॉमन म्हणजे वर गेलं की गुरुत्वाकर्षण संपतं ही. स्पेस स्टेशन फिरतं त्या ४०० किलोमीटर उंचीवर गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या ९० टक्के शिल्लक असतं, माणसं तरंगतात ती स्टेशनसकट सगळेच सारखे पडत असतात म्हणून, फक्त आडवा वेग तासाला २८,००० किलोमीटरच्या आसपास असल्याने पडता पडता दरवेळी पृथ्वी चुकते. हे लेखकाला माहीत नसेल तर मी हसतो आणि पुढे वाचतो. निर्वातात स्फोटाचा धडाम आवाज झाला, तेही चालतं मला, आरतीत एखाद्याचा सूर चुकला म्हणून आपण काही प्रसाद सोडून उठत नाही. मी सोडत नाही ती चूक वेगळीच असते. दोनशे माणसं तीन वर्षं जहाजात राहतायत आणि अख्ख्या पुस्तकात एकदाही मोरी तुंबत नाही, कुणी नाइट शिफ्टला नाही, कुणाच्या हाताला ग्रीस नाही, हवा आपोआप आहे, पाणी आपोआप आहे. ती गोष्ट मला हॉटेलात राहायला गेलेल्या माणसांची वाटते, मग ते हॉटेल मंगळावर असो नाही तर महाबळेश्वरला. तू चुका बघतेस त्या दिग्दर्शकासारख्या, कॅमेऱ्यात दिसणाऱ्या, त्याऐवजी एकदा पंप ऑपरेटरसारखी वाचून बघ आणि विचार की इथला फिल्टर कोण साफ करतं. उत्तर मिळालं की पुस्तक जिवंत होतं, माझा तरी तसा अनुभव आहे.

एक उदाहरण देतो. जमिनीवर गरम हवा वर जाते, आपण श्वास सोडला की तो गरम असतो म्हणून आपसूक नाकासमोरून हटतो, आपल्याला पत्ताच नसतो. वजनरहित अवस्थेत गरम-थंड हवेला वर-खाली असं काही उरतच नाही. पंखा नसेल तर झोपलेल्या माणसाने सोडलेला कार्बन डायऑक्साइड त्याच्याच तोंडाभोवती ढगासारखा साचतो आणि डोकं धरून तो जागा होतो. म्हणून स्टेशनवर झोपण्याच्या खोपटात सुद्धा हवा सारखी फिरती ठेवावी लागते, पंखे चोवीस तास, आवाज चोवीस तास. तरी तिथल्या हवेत कार्बन डायऑक्साइड आपल्या बाहेरच्या हवेच्या पाच-दहा पट असतो आणि लोक डोकेदुखीची तक्रार करतात. आता हे मला पुस्तकात वाचून कळलं पण पोटात उतरलं ते आधीच्या एका अनुभवामुळे. एकदा जूनमध्ये रात्री प्लँटचे सगळे एएचयू, म्हणजे हवा फिरवणारी यंत्रं, एकदम बंद पडले. मी कंट्रोल रूमच्या खुर्चीत डुलकी काढत होतो (लपवून काय करू आता, रिटायर झालो) आणि जागा झालो तो अलार्मने नव्हे, शांततेने. अलार्म नंतर वाजला. ज्या माणसाने वर्षानुवर्षं पंख्यांच्या घरघरीत काम केलंय त्याला तो थांबल्याचा क्षण छातीत कळतो. गोष्टीत कुणी लिहिलं की "आवाज बंद झाला" आणि पात्रं अंधारात एकमेकांकडे बघतायत, तर माझ्या हातावर काटा येतो, तोफा-बिफा लागतच नाहीत.

आणि पाणी. अगं पाण्यावर तर मी तासभर बोलेन. तुमच्या पिढीने इंदूर बघितलं ते नर्मदेचं पाणी आल्यानंतरचं, मी लहान असताना ते नुकतं येऊ लागलेलं. सत्तरेक किलोमीटरवरच्या जलूदहून पाणी उचलायचं, विंध्याची चढण चढवायची आणि माळव्याच्या पठारावरच्या या शहराला पाजायचं, म्हणजे इंदूर पण एका अर्थी नळीवर जगणारं स्टेशनच आहे, खाली पंप बंद तर वर नळ कोरडा. आमच्या वाड्यात एक दिवसाआड पाणी यायचं. आजीचा हिशोब ठरलेला, तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला, भाजी धुतलेलं कर्दळीला, आंघोळीचं अंगण शिंपायला, आणि पितळी कळशीला कुणी विचारल्याशिवाय हात लावला तर मार. पुढे नोकरीत आरओचं रिजेक्ट पाणी कूलिंग टॉवरला वळवायची स्कीम मी साहेबांना समजावत होतो तेव्हा मला सारखी आजीच दिसत होती.

आता वर काय करतात बघ. स्टेशनवर लघवी, घाम, श्वासातली वाफ, सगळं गोळा करून परत पिण्याचं पाणी करतात. २००८ साली लघवीतून पाणी काढणारं यंत्र वर गेलं, डिझाइन होतं ८५ टक्के पाणी परत मिळवायचं. वर्षभरातच त्याचं डिस्टिलेशन युनिट अडकलं. उघडून तपासलं तर आत कॅल्शियम सल्फेटचा थर. कारण काय, तर वजनरहित अवस्थेत हाडांवर भार नसतो, हाडं झिजतात, त्यातलं कॅल्शियम लघवीत उतरतं, म्हणजे अंतराळवीराच्या लघवीत जमिनीवरच्या माणसापेक्षा जास्त कॅल्शियम, आणि ती टिकवायला त्यात घालत होते सल्फ्युरिक ॲसिड! कॅल्शियम अधिक सल्फेट, झालं जिप्सम. रिकव्हरी पंचाहत्तरच्या आसपास खाली आणावी लागली, पुढे ॲसिड बदलून फॉस्फोरिक केलं तेव्हा ८५ परत मिळाले. २०२३ मध्ये उरलेल्या खाऱ्या पाण्यातून पण पाणी काढून एकूण आकडा ९८ टक्क्यांवर नेला.

हे वाचलं त्या रात्री मी एकटाच हसत सुटलो, बायको म्हणाली काय झालं. झालं असं होतं की नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी सेम टू सेम हेच करून बसलो होतो. बोअरचं पाणी, हार्डनेस भरपूर, आरओत कार्बोनेटचं स्केलिंग, म्हणजे क्षारांचा थर, होऊ नये म्हणून मी मोठ्या हुशारीने सल्फ्युरिक ॲसिडचं डोसिंग वाढवलं. कार्बोनेट गेलं आणि सल्फेट बसलं, आणि कार्बोनेट निदान ॲसिडने धुतलं जातं, जिप्सम काही केल्या निघत नाही. अख्खा मेम्ब्रेनचा सेट भंगारात. कंपनीचं नाव घेत नाही, साहेबांनी काय शब्द वापरले तेही लिहीत नाही. पण विचार कर, नासाची माणसं आणि पीथमपूरचा तिसऱ्या वर्षातला पोऱ्या एकाच खड्ड्यात पडले, फक्त त्यांच्या खड्ड्यात माणसाचं हाड विरघळून आलेलं होतं. पायाचं हाड झिजतं म्हणून पंप अडकतो! अशी साखळी कुठल्या लेखकाला घरी बसून सुचेल सांग. ज्याला सुचते किंवा जो शोधून काढतो त्याची गोष्ट मी दोनदा वाचतो.

अजून एक किस्सा, हा जमिनीवरचाच. अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटात एक भलंमोठं काचघर बांधलं, आत शेत, जंगल, छोटा समुद्र सुद्धा, आणि १९९१च्या सप्टेंबरमध्ये आठ माणसं आत जाऊन दार बंद करून बसली, दोन वर्षं बाहेरून काही घ्यायचं नाही, पुढे मंगळावर असंच राहायचं तर जमतंय का बघू म्हणून. हळूहळू आतला ऑक्सिजन कमी व्हायला लागला. २०.९ टक्क्यांवरून साडेचौदापर्यंत, माणसं जिना चढताना धापा टाकायला लागली, रात्री झोपेना. ऑक्सिजन जातोय कुठे, हे कित्येक महिने कळेना. मातीत खत भरपूर घातलेलं, त्यातले जिवाणू ऑक्सिजन खाऊन कार्बन डायऑक्साइड सोडत होते, इथपर्यंत ठीक, पण मग कार्बन डायऑक्साइड तेवढा वाढलेला दिसायला हवा ना, तो पण दिसत नव्हता. तो भिंतींनी खाल्ला. काँक्रीट! नवीन काँक्रीटमधला चुना कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो, सिव्हिलवाल्याला विचार, कार्बोनेशन म्हणतात, तर झाडांना जो परत ऑक्सिजनमध्ये बदलता आला असता तो वायू भिंतीत जाऊन दगड होऊन बसला. शेवटी १९९३च्या जानेवारीत बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला. लोकांनी फसलेला प्रयोग म्हणून चेष्टा केली, माझ्या मते असली सुंदर रहस्यकथा दुसरी नाही. खून झालाय, आत आठच माणसं, दारं बंद, आणि खुनी निघते भिंत. बरं यात कुणाची बदमाशी नाही, कुणाचा मूर्खपणा म्हणावा तर तोही नाही, हिशोबात एक ओळ राहिली एवढंच.

आता तुझ्या मित्रांचं, पळपुटेपणाचं. त्यांना म्हणावं पळून जायला जगातली सगळ्यात वाईट जागा ती. आपण घरात भांडलो तर चप्पल घालून छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत जाऊन येतो, ते कुठे जाणार? तिथे "बाहेर" नावाची गोष्टच नाही. कचरा बाहेर टाकला म्हणजे गेला असं नाही, रिकाम्या मालवाहू यानात कोंबून ठेवायचा, ते यान वातावरणात जळतं तेव्हा कचरा जातो, तोपर्यंत तो तुझ्या उशाशी. इंदूरच्या माणसाला हे समजायला जड जाऊ नये, ओला वेगळा सुका वेगळा, आणि गाडीचं गाणं ऐकू आलं की डबा घेऊन पळा. शेजारी आवडत नसला तरी त्याच्या घामाचं पाणी तुझ्या उद्याच्या चहात आहे, आणि तुझ्या त्याच्या. भावकीत राहिलेल्या माणसाला ही कल्पना सहज कळते, फ्लॅटमध्ये वाढलेल्याला थोडी समजावून सांगावी लागते.

रशियनांच्या मीर स्टेशनचं १९९७ साल वाचून बघ कधी. फेब्रुवारीत ऑक्सिजन बनवणाऱ्या एका डब्यालाच आग लागली, आत सहा माणसं, आणि दोन परतीच्या यानांपैकी एकाकडे जायचा रस्ता आगीच्या पलीकडे. ते निभावलं तर जूनमध्ये मालवाहू यान येऊन धडकलं, एका खोलीला भोक पडलं, हवा निसटायला लागली. दार बंद करायला गेले तर दारातून केबली गेलेल्या! आधी त्या काढायच्या, कापायच्या, मग झाकण बसवायचं, आणि तेवढ्यात कान सांगतायत की दाब उतरतोय. मी किती वेळा फायर डोअरमधून केबल टाकू नका म्हणून कॉन्ट्रॅक्टरशी भांडलोय, "दो दिन का काम है साहब" हे उत्तर दर वेळी, आणि दोन दिवसांची केबल दोन वर्षं तिथेच. म्हणून तो प्रसंग वाचताना मला रशियन-बिशियन काही वाटलं नाही, आपलाच प्लँट वाटला.

ती मोठाली फिरती शहरं असतात ना, चाकासारखी, आत नद्या आणि बागा, त्यांच्यावर माझा थोडा संशय आहे पण गणित करायला मजा येते, तू कर. फिरण्याच्या कोनीय वेगाचा वर्ग गुणिले त्रिज्या, एवढंच सूत्र. मिनिटाला दोन फेऱ्या आणि पायाखाली पृथ्वीइतकं वजन हवं तर त्रिज्या येते २२४ मीटर. मिनिटाला एकच फेरी हवी तर जवळपास ९०० मीटर, १९७५ साली स्टॅनफर्डला दहा हजार माणसांच्या वस्तीचा आराखडा काढला होता तो म्हणूनच १.८ किलोमीटर व्यासाचा आहे. गोष्टीत कुणी ट्रकएवढं चाक गरगरा फिरवून आत माणसं आरामात चालताना दाखवली तर समजायचं की याने गणित केलं नाही, डोकं आणि पाय यांच्या वजनातच मोठा फरक पडेल आणि मान वळवली की उलटी होईल. पण लहान चाकात चहा ओतताना धार वाकडी पडते आणि तिथे वाढलेल्या पोराला तीच सरळ वाटते, आणि पृथ्वीवर आल्यावर ते पोर कपाच्या बाहेर ओततं, असं कुणी लिहिलं तर त्या एका वाक्यासाठी मी बाकीची तीनशे पानं माफ करतो.

आपल्या मराठीत हे कमी आहे का? संख्येने कमी असेल, पण सुरुवात झकास आहे. नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पहिली कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, म्हणजे परीक्षकांनी नावाकडे बघून मार्क देऊ नयेत, आणि पहिलं बक्षीस घेतलं. मला हा किस्सा फार आवडतो. मात्र माझी तक्रार अशी की आपल्याकडच्या बऱ्याच कथांत शास्त्रज्ञ भरपूर आणि फिटर एकही नाही. पुण्यातला प्राध्यापक असतो, दिल्लीहून फोन येतो, झालं. वस्ती उभी राहिली तर तिथे प्राध्यापक एक आणि फिटर दहा लागतील, हे आयटीआयवाल्या कुठल्याही पोराला विचार.

राकेश शर्मा १९८४च्या एप्रिलमध्ये गेले तेव्हा मी शाळेत होतो, शेजारच्यांच्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीसमोर अख्खी गल्ली. ते आठेक दिवसांत परत आले. मग २०२५च्या जूनमध्ये शुभांशु शुक्ला स्पेस स्टेशनवर गेले, तिथे राहणारे पहिले भारतीय, बरोबर गाजराचा हलवा आणि आमरस नेला आणि प्रयोग म्हणून मूग आणि मेथी भिजवून मोड आणले. तोपर्यंत माझ्या या वाचनाकडे ढुंकूनही न बघणारी माझी बायको या बातमीला थांबली. म्हणाली, मोड कुठल्या दिशेला फुटतात मग? वर कुठे आणि खाली कुठे? मी चाटच पडलो, कारण हा प्रश्न खरोखर शास्त्रज्ञांचा प्रश्न आहे. मग मी तिला एक कादंबरी दिली वाचायला, तिने चार दिवसांत संपवली आणि म्हणाली, बाकी सगळं ठीक आहे पण यांच्या स्वयंपाकघरात वास कसलाच नाही. मी सांगितलं की तिथे पाव सुद्धा नेत नाहीत, चुरा उडतो आणि यंत्रात जातो, म्हणून १९८५ पासून मेक्सिकन लोकांच्या पोळ्या नेतात, टॉर्टिया. त्यावर ती विचारात पडली. थोड्या वेळाने म्हणाली, पोळी जमली तर वरण आलंच, आणि वरणाला फोडणी हवी. मोहरी तडतडली की गोल सगळीकडे उडणार, ते झाकण ठेवून बघता येईल. पण हिंगाचा आणि मिरचीचा धूर वर जातच नसेल तर तो जाईल कुठे?

बरोबर आहे तिचं. तो कुठेच जाणार नाही, तिथेच कढईभोवती गोळा होऊन बसेल, आणि पंख्याने ओढला तर तेलाचा अंश घेऊन थेट चारकोल फिल्टरवर. परवा रात्रीपासून मी कागद घेऊन बसलोय, चार माणसं, दिवसाला दोन फोडण्या, चमचाभर तेल, असं धरून फिल्टर किती दिवसांत भरेल ते काढतोय. तेलाचा किती भाग धुरात जातो तो आकडा अडलाय, तुझ्या कॉलेजच्या लॅबमध्ये साधा वजनकाटा असेल तर सांग, एक जुनी कढई घेऊन येतो.